विहिरीकडचा कोपरा

आमच्या कॉलेजचं टेनिस कोर्ट शेणानं सारवलेलं होतं. हे वाक्य मी पुढं नागपुरात सांगितलं, पुण्यात सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी लोक आधी हसले, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबले, आणि मग पुन्हा हसले. मला थापाडी म्हणतात हे मला ठाऊक आहे. माझ्या हाताखालून टेनिस शिकून गेलेल्या पोरी म्हणायच्या, विमल मॅडमनी काही सांगितलं की त्याला चारानं भागायचं आणि उरेल त्यातलं अर्धं खरं धरायचं. भागा बापड्यांनो. पण कोर्टाला भागू नका. पिंपळगाव राजाच्या वाटेवर आमचं गाव, गावाबाहेर कॉलेजच्या पाच खोल्या, खोल्यांच्या मागं विहीर, आणि विहिरीला लागून ते कोर्ट. ते सारवणारे दोन हात माझे होते आणि दोन मालती मॅडमचे.

मालती मॅडम अमरावतीहून आमच्या कॉलेजात मुलींना खेळ शिकवायला आल्या, त्या हंगामी. हंगामी म्हणजे दर जूनमध्ये त्यांनी नव्यानं अर्ज करायचा आणि कॉलेजानं नव्यानं विचारात पडायचं. एक ट्रंक, एक वळकटी आणि लाकडी चौकटीत स्क्रूनं आवळलेली रॅकेट घेऊन त्या एस.टी.तून उतरल्या तेव्हा गावाला वाटलं, बाई सतार शिकवायला आली. राहायला आमच्याकडं, रस्त्याकडच्या खोलीत. तिथं आधी भाऊ, म्हणजे माझे वडील, कांदे साठवायचे. खोलीचा वास पहिली दोन वर्षं गेला नाही. मॅडमच्या पातळांना कांद्याचा वास, पुस्तकांना कांद्याचा वास, अमरावतीला आईला लिहिलेल्या पत्रांनाही तोच. त्यांची आई म्हणे पाकीट उघडलं की डोळे पुसायची, आणि शेजाऱ्यांना वाटायचं, लेकीची किती आठवण येते हिला.

आमच्या घराची सकाळ दोन आवाजांनी उजाडायची. आत माय पाट्यावर ठेचा रगडायची, घस्स घस्स. आणि बाहेर मॅडम गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायच्या, टप टप. दोघी एकमेकींना दिसत नसत, पण ताल एकच. माय थांबली की मॅडम थांबायच्या आणि विचारायच्या, "मावशी, झाला का?" मग भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. भाऊंचा मळा होता, वांगी, मिरच्या, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला पुण्यात दर वेळी समजावून सांगावं लागे. भाऊंची वांगी एवढी मोठी की एक वांगं भाजायला घातलं तर ते फिरवायला दोन माणसं लागत आणि त्या भरतात आमच्या आळीची पंगत उठे. बरं, अर्धी आळी. लसणाची पात, हिरवी मिरची आणि वर कच्च्या तेलाची धार. चुलीजवळ बसून मॅडम ते भरीत खायच्या तेव्हा त्यांच्या नाकातून पाणी यायचं आणि त्या म्हणायच्या, तिखट अजिबात लागत नाही. तिसऱ्या महिन्यात त्या कच्ची मिरची दातांनी तोडायला लागल्या. माय भाऊंना म्हणाली, "हे बाई आता आपली झाली."

कोर्ट मुळात मायचं. मॅडम आल्या तेव्हा कॉलेजच्या मागं काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा होत्या आणि दोन बांबूंना बांधलेलं नेट. कपाशीची जमीन ती. ऊन लागलं की तिला भेगा पडायच्या. एकदा चेंडू भेगेत गेला तो गेलाच. माझी मैत्रीण कमल शपथेवर सांगते की तो पुढच्या वर्षी वरवट बकालच्या कोणाच्या तरी विहिरीत निघाला. मॅडम महिनाभर चुना मारत राहिल्या. शेवटी एक दिवस माय शेतातून येताना तिथं थांबली, डोक्यावरचा भारा खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, तुमी काऊन रेघा मारून राह्यल्या उगीच? खळं कसं करते, तसं करा ना. पांढरी आना, पानी मारा, चोपना, सारवा. खळ्यात दाना टप्पा खाते, तं चेंडूले काय झालं?"

मॅडमनी चुन्याचा डबा तिथंच ठेवला. गावाच्या जुन्या टेकाडाची पांढरी माती आठ बैलगाड्या आली, पोरींनी ती आठवडाभर चोपण्यांनी बडवली, वरून सारवण फिरलं, आणि चेंडू असा उसळला की मॅडम तिथंच दोन्ही हात कमरेवर ठेवून लहान पोरीसारख्या हसल्या. मी त्यांना आधी कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर मात्र एक घोटाळा झाला जो जगातल्या कुठल्याही टेनिस कोर्टावर झाला नसेल. आमच्या गावात सारवलेली, सपाट, उन्हातली, कुत्रं न फिरकणारी एवढी जागा म्हणजे वाळवणाचीच. दुसरं काही असतं हे कोणाला सुचणार? मार्चमध्ये आम्ही एका दुपारी गेलो तर कोर्टाच्या अर्ध्या भागात ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या, अर्ध्या भागात मिरच्या, आणि नेटवर शेवया. शेजारच्या सरूमावशी कडेला काठी घेऊन चिमण्या हाकत बसलेल्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे खेळाचं मैदान आहे." सरूमावशी म्हणाल्या, "हाव ना. खेळा ना तुमी. फक्त बिबडीवर पाय नका देऊ." शेवटी तह झाला: चार वाजेपर्यंत बिबड्या, चारनंतर टेनिस. पण मिरच्यांचं तिखट जमिनीत उतरायचंच. पहिल्या पंधरा मिनिटांत चेंडूंना ते लागे, आणि बाहेरची टीम आली की दुसऱ्या गेमपर्यंत तिचे डोळे लाल. याला तुम्ही चारानं भागलंत तरी चालेल.

सारवण दर शनिवारी. मायच्या हाताखाली मी लहानपणापासून अंगण सारवलेलं, म्हणून मॅडमनी ते काम माझ्यावर टाकलं आणि मग स्वतःच पदर खोचून शेजारी बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी शेणात हात घालताना डोळे मिटले होते. शेण, पांढरी, बारीक भुसा. पाणी नेमकं, जास्त झालं की वाळल्यावर पोपडे निघतात. उकिडवं बसायचं, पंजा पसरून अर्धगोल फिरवायचा, आणि मागं मागं सरकायचं. चार अंगणांएवढं कोर्ट. सरकता सरकता मॅडम बोलायच्या: सर्व्हिस कुठं टाकायची, समोरची डावीकडं झुकली की तिला उजवीकडं कसं पळवायचं, नेटजवळ कधी जायचं. माझ्या आयुष्यातलं निम्मं टेनिस मी रॅकेट हातात नसताना, शेणाच्या बादलीशेजारी शिकले. आता मुलींना मोबाइलवर परदेशातल्या खेळाडूंचे व्हिडिओ दाखवतात, सावकाश करून, पुन्हा पुन्हा. चांगलं आहे. पण हातानं कोर्ट केलेल्या माणसाला कोर्ट जसं ठाऊक असतं, तसं त्या व्हिडिओतल्या बाईलाही नसेल.

ताज्या सारवणावर चेंडूचा ठसा उमटायचा, रुपयाएवढा. चेंडू आत की बाहेर यावर भांडण नाही, वाकून बघायचं. खेळ संपला की मॅडम कोर्टभर फिरून ठसे वाचायच्या, जसे भाऊ सकाळी मळ्यात रानडुकरांची पावलं बघायचे. कोणी कुठं मारलं, कोण थकलं, कोण घाबरलं, सगळं त्यांना जमिनीवर दिसे. आणि एक जागा आम्हा दोघींनाच पक्की ठाऊक होती. विहिरीकडच्या कोपऱ्यात खालून ओल यायची. वरून बघायला तो बाकीच्या कोर्टासारखाच, बोटांचे अर्धगोल सुबक; पण चेंडू तिथं पडला की उसळत नसे, बसायचा. समोरची रॅकेट मागं नेऊन उभी राही आणि चेंडू तिच्या पायाशी लोळे. "हे फसवणं नाही, विमल," मॅडम म्हणायच्या. "सिमेंटवर सगळीकडं सारखंच उसळतं. आपलं कोर्ट आपल्याला वाचता आलं पाहिजे." आणि बाजू बदलून आपण तिकडं गेलो, तर समोरून आलेला चेंडू त्या कोपऱ्यात पडूच द्यायचा नाही, हवेतच घ्यायचा, हीही त्यांचीच शिकवण. मी त्या कोपऱ्यात डोळे मिटून चेंडू टाकायचे. हे भागायचं नाही.

पण मला जे लिहायचं आहे ते संध्याकाळचं. बाकीच्या पोरी पाण्याला, गुरांना, घरच्या कामाला निघून गेल्या की मॅडम नेटच्या पलीकडं जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ये." एवढंच. मग गुण नाहीत, जिंकणं नाही, फक्त चेंडू इकडून तिकडं. मी जन्माची बडबडी. झोपेतसुद्धा बोलते असं माय सांगायची. पण त्या अर्ध्या तासात माझं तोंड मिटलेलं असायचं. ऊन खाली उतरायचं, कॉलेजच्या खोल्यांची सावली कोर्टावर चढायची, लांब कोणाच्या तरी मळ्यात इंजिन फटफटायचं, आणि मॅडम मारायच्या, मी मारायचे. एकदा आम्ही एक चेंडू दोनशे वेळा खाली न पाडता मारला. कमल म्हणते चाळीस. कमल त्या दिवशी आंबाडी खुडत बसली होती, तिला काय कळणार. मला आठवतं ते असं की मधे कुठंतरी मोजणं थांबलं, आणि मॅडम काय करणार हे मला त्यांचा हात हलायच्या आधी कळायला लागलं, आणि त्यांनाही माझं. पुढं माझं लग्न झालं, लेकरं झाली, नवरा चांगला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणाला तरी न बोलता एवढं कळणं मला पुन्हा मिळालं नाही. पासष्टी उलटली तरी पाच-साडेपाचच्या उन्हात कुठं टप टप ऐकू आलं की माझा उजवा हात आपोआप मागं जातो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना अकोल्याला स्पर्धा होती. तिथल्या एका मोठ्या कॉलेजच्या मुलीनं मला हरवलं, पण हरवता हरवता तिची पार दमछाक झाली. त्यांच्या प्राचार्यांनी मॅडमना विचारलं, हिला कोणी शिकवलं? मग आमचं कोर्ट कसलं आहे ते ऐकून विश्वास बसला नाही त्यांचा. महिन्यानं त्यांचं पत्र आलं. मॅडमनी ते चुलीजवळ बसून मायला सांगितलं. मी दारात लसूण सोलत होते.

"मावशी, अकोल्याचे प्राचार्य येताहेत. त्यांच्या कॉलेजची ती मुलगी इथं येऊन विमलशी खेळणार. आपल्या कोर्टावर."

"येऊ द्या ना. रोडगे करतो."

"विमल जिंकली तर मला तिकडं घेऊ म्हणतात. कायम."

मायचा हात भाकरीवर थांबला. "कायम म्हंजे? मंग ते जूनचं अर्जबिर्ज?"

"संपलं ते."

"बाई वो!" मायनं पिठाच्या हातांनीच मॅडमच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "इमले, आयकलं काय वं? आता तं जिंकाच लागते!"

ओट्यावरून भाऊ म्हणाले, "मंग कांद्याची खोली मोकळी होईन म्हना."

मॅडम हसल्या. गालांवर पीठ तसंच. मी लसूण सोलत राहिले. त्या दिवशी मी एवढा लसूण सोलला की घरात पंधरा दिवस ठेचाच झाला.

मॅडमना असं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ट्रंक उन्हात ठेवली. पातळं काढून झटकली, पुन्हा घड्या घातल्या. सारवताना त्या गुणगुणायला लागल्या, काहीतरी अर्धंमुर्धं, आणि मधेच म्हणायच्या, "तिथं चार कोर्टं आहेत, विमल. चार." मी म्हणायचे, "हाव." कमलनं मला विहिरीवर गाठलं.

"काऊन वं, तोंड काऊन उतरलं तुयं?"

"मॅडम चालल्या."

"तं जाऊ दे ना. त्याईचं चांगलं होऊन राह्यलं. किती वर्सं कांद्यात झोपतीन त्या?"

"हाव."

"मंग?"

"मंग काही नाही."

खरोखरच काही नव्हतं. मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते आणि मला एवढंच कळत होतं की पुढच्या जूननंतर संध्याकाळी नेटच्या पलीकडं कोणी उभं राहणार नाही. त्यांना काय मिळणार आहे हे कळत होतं, पण ते जसं दुसऱ्याचं दुखणं कळतं तसं. माझं मला पोटात कळत होतं.

मॅचच्या दिवशी पहाटेच आम्ही दोघींनी कोर्ट सारवलं. चार वाजेपर्यंत ते पाटीसारखं वाळलं. अर्धा बुलढाणा जिल्हा लोटला होता. बरं, आमचं गाव लोटलं होतं. बरं, दीडशे माणसं, त्यात सरूमावशी बिबड्यांची टोपली मांडीवर घेऊन. भाऊ फेटा बांधून आले होते, जसं काही माझंच लग्न होतं. मॅडमनी मला पांढरा स्कर्ट शिवला होता आणि मायच्या धाकानं त्याखाली मी सलवार घातली होती. अकोल्याची मुलगी उंच, शांत, आणि खेळायला उत्तम. हे मी आधी सांगते, कारण तिची यात काही चूक नाही.

तिसऱ्या गेमला ती विहिरीच्या बाजूला होती आणि मी तिला नेटजवळ ओढून आणलं. तिच्या मागं तो कोपरा उघडा पडला, एवढा उघडा की त्यात बैलगाडी उभी करून बैल सोडता आले असते. माझा हात मागं गेला. मॅडम विहिरीच्या कठड्याशी प्राचार्यांजवळ उभ्या होत्या; त्यांनी त्या क्षणी श्वास रोखलेला मला दिसला, कारण चेंडू कुठं जाणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि चेंडू दुसरीकडं गेला. तिच्या रॅकेटवर. मी ठरवलं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगते. पण पुढच्या वेळी कोपरा उघडा पडला तेव्हा मी ठरवलं होतं.

गावाला काही कळलं नाही. कळणार कसं? मी काही हातपाय गाळून बसले नव्हते. उलट दुप्पट पळत होते. ज्या चेंडूंना पळायची गरज नव्हती त्यांनाही पळत होते. घसरले, गुडघा फुटला, सलवारीवर रक्त आलं, आणि लोक ओरडत होते, "वा वं इमल! हानं!" एक सेट तिचा, एक माझा, आणि तिसरा लांबत लांबत शेवटी तिचा. भाऊ मैदानात येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हारली तं हारली. वाघावानी लढली बाप्पा माही पोरगी." मला तेव्हा रडू आलं, आणि ते हरल्याचं आहे असं सगळ्यांना वाटलं. प्राचार्यांनी गोवऱ्यांवर भाजलेले तीन रोडगे खाल्ले, मायला नमस्कार केला, आणि मॅडमना म्हणाले, "मुलगी जिद्दी आहे. पण तयारी थोडी कमी पडली." मॅडम म्हणाल्या, "हो सर." त्यांची गाडी पिंपळगावच्या वाटेला लागली.

लोक पांगले. मॅडम नेहमीप्रमाणे ठसे वाचायला निघाल्या. मी नेटजवळ गुडघा धरून बसले होते. त्या माझ्या बाजूनं सुरू करून फिरत फिरत पलीकडं गेल्या, आणि विहिरीकडच्या कोपऱ्याशी थांबल्या. अख्ख्या कोर्टावर ठशांवर ठसे होते, आणि तिथं एकही नव्हता. पहाटे फिरवलेल्या बोटांचे अर्धगोल जसेच्या तसे. त्यातले काही माझ्या हाताचे होते, काही त्यांच्या. त्या खाली बसल्या. बराच वेळ बसल्या. मग उठून आल्या, रॅकेट चौकटीत घातली, स्क्रू एकेक करून आवळले आणि म्हणाल्या, "गुडघ्याला हळद लाव."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरी गेल्यावर मी माझ्या बाजूला जाऊन उभी राहिले. मॅडम नेटजवळच होत्या.

"विमल, आज कमलशी खेळ."

"कमल घरी गेली, मॅडम."

"मग उद्या खेळ."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. पण रागाचं दुसरं काहीच चिन्ह नव्हतं. त्या आमच्याच घरी राहिल्या, आमचीच भाकर खाल्ली, माझ्याच शेजारी बसून शनिवारी सारवलं. जूनमध्ये नव्यानं अर्ज केला. मला पुढं अमरावतीला शारीरिक शिक्षणाला त्यांनीच पाठवलं, भाऊंशी भांडून. परत आल्यावर आमच्याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली मला लावून घेतलं तेही त्यांनीच. त्या आणखी कितीतरी वर्षं हंगामी राहिल्या, मग एकदाच्या कायम झाल्या, आणि त्याच पाच खोल्यांच्या कॉलेजातून निवृत्त झाल्या. मुलींच्या टेनिसच्या एका कोचची ती सगळी कारकीर्द: एक कोर्ट, एक गाव, आणि तयार केलेल्या शे-दीडशे पोरी, ज्यांतल्या बऱ्याचजणी आज आपल्या नातवंडांना रॅकेट कशी धरायची ते शिकवतात. त्या निवृत्त होईपर्यंत सोळा वर्षं आम्ही दोघी रोज त्या कोर्टाच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. पण नेटच्या पलीकडं, माझ्या समोर, त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या पोरींशी खेळायच्या. मी बघायचे. ज्या बाईला जाऊ दिलं नाही ती रोज हाताच्या अंतरावर होती, आणि मला तिची जेवढी आठवण यायची तेवढी अकोल्याला गेलेल्या माणसाचीही येत नसेल.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला खामगावला गेले. त्या भाचीकडं असतात. ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत, कान तिखट आहेत, गुडघे गेलेत. गच्चीवर ऊन खात बसलो. भाची चहा ठेवून खाली गेली आणि मी, कसलीही प्रस्तावना न करता, म्हणजे माझ्या स्वभावाच्या अगदी उलट, म्हणाले,

"मॅडम, अकोल्याच्या त्या मुलीशी मी मुद्दाम हरले."

त्यांनी बशीत चहा ओतला. "माहीत आहे."

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

"तेही माहीत आहे."

"लय वाईट वाटलं असेल तुम्हाला. अकोल्याचं."

"वाटलं. दोन वर्षं वाटलं." त्यांनी घोट घेतला. "मग तू अमरावतीला गेलीस, तुझी पत्रं यायला लागली, आणि ते वाटायचं राहूनच गेलं."

"मग माझ्याशी परत खेळल्या का नाहीत?"

हा प्रश्न मी मनात इतक्या वेळा विचारला होता की तोंडातून निघाला तेव्हा मलाच तो जुना वाटला. मॅडमनी बशी खाली ठेवली.

"कसं खेळणार, विमल? समोरून आलेला चेंडू तू मारलेला आहे की मला दिलेला आहे, हे कळायला नको?"

"त्याच्या आधीचे सगळे मारलेलेच होते, मॅडम. एकूण एक."

"ते मला ठाऊक आहे. त्या जमिनीवर दिसायचं ते." खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. त्यांनी बशी पुन्हा उचलली. "मी वाट बघत होते. आज सांगेल, उद्या सांगेल. सांगितलं असतंस, तर दुसऱ्याच दिवशी खेळले असते."

सोळा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि त्या सोळा वर्षांत अशी एक संध्याकाळ गेली नाही की मी त्यांच्याशी बोलले नाही.